कोणाचं, कोणापेक्षा

पेरूहून आलेली ती ईमेल जेमतेम आठ ओळींची होती. घोळ झाला तो पाचव्या ओळीत. 'एल कोलोर दे सू तेला एस मास ओस्कुरो के एल दे सू मुएस्त्रा.' मी तेव्हा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्याच्या निर्यात विभागात होते. स्पॅनिश येणारी मी एकटीच, त्यामुळे असली पत्रं थेट माझ्या टेबलावर यायची. ओळ सोपी होती. कोलोर म्हणजे रंग, तेला म्हणजे कापड, मुएस्त्रा म्हणजे नमुना, ओस्कुरो म्हणजे गडद. मी खाली मराठीत लिहिलं, 'आपल्या कापडाचा रंग आपल्या नमुन्यापेक्षा गडद आहे', आणि कागद पुढे पाठवला.

आमचे मॅनेजर अकोल्याचे. त्यांनी कागद वाचून तेव्हाच विचारलं होतं, "मॅडम, हे आपला म्हणजे कोनाचा? आपला, का त्याइचा?"

"आपला म्हणजे आपला, सर," मी म्हणाले.

शेड बघणाऱ्या काकांनी त्या लॉटचा एक तुकडा कापून आणला आणि कपाटात जपून ठेवलेल्या मंजूर नमुन्याशेजारी लाइट बॉक्समध्ये ठेवला. रंग कधी खिडकीपाशी धरून ठरवत नाहीत. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात नेले की वेगळे दिसू शकतात. म्हणून त्या पेटीत दिवसाच्या उजेडासारखा एक दिवा असतो, दुकानातल्यासारखा एक, घरातल्या पिवळ्या बल्बसारखा एक, आणि बटण दाबून एकेक लावून बघायचा. काकांनी सगळे लावले, मान तिरकी केली, तुकड्यांच्या जागा बदलून पुन्हा पाहिलं. "हे तं बरोब्बर जुळून रायलं, मॅडम. गडद कुठं हाय?" मी तसं लिमाला कळवलं.

लिमा आपल्यामागे साडेदहा तास. आमची कचेरी सकाळी साडेनऊला उघडते तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणजे एका प्रश्नाला एक दिवस. ते म्हणत गडद आहे, आम्ही म्हणत होतो जुळतोय. असं चारदा झालं, मध्ये एक रविवार गेला. आठव्या दिवशी तिकडून फोटो आला. टेबलावर कापडाचे दोन तुकडे. एक आमचा. दुसऱ्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी भलत्याच कोणाची. ती त्यांच्या गिऱ्हाइकाची होती.

मी पहिली ईमेल पुन्हा काढली. चौथ्या ओळीतच तो गिऱ्हाईक येऊन बसला होता आणि मी त्याच्यावरून सरळ पुढे गेले होते. पाचव्या ओळीतला पहिला सू 'तुमच्या'चा, दुसरा 'त्याच्या'चा. मध्ये फक्त सात शब्द. तुमच्या कापडाचा रंग त्याच्या नमुन्याच्या रंगापेक्षा गडद आहे, एवढंच बिचारे सांगत होते, आणि आम्ही आठ दिवस आमचाच नमुना पुनःपुन्हा पेटीत घालून बघत होतो. पुढचा लॉट फिका करून पाठवला, पण न्हावा-शेव्याचं ठरलेलं जहाज चुकलं ते चुकलंच. मला कोणी बोललं नाही. मॅनेजरांनी तो माझा कागद तेवढा माझ्या टेबलावर आणून ठेवला. 'आपल्या' या शब्दाखाली, दोन्ही ठिकाणी, निळ्या पेनाने रेघ होती.

पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या वर्षाला सू शिकवला त्या दिवशी आम्ही खूश होतो. शेजारच्या जर्मनच्या वर्गातल्या मैत्रिणी विभक्त्यांनी जेरीला आलेल्या, आणि आमच्याकडे त्याचा, तिचा, त्यांचा, तुमचा, आपला या सगळ्यांना मिळून एकच सू. वस्तू एकाहून जास्त असल्या तर सूस. झालं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला त्याचा-त्याची-त्याचे-त्याच्या, मग तिचा-तिची-तिचे-तिच्या, मग त्यांचा असं अख्खं झाड चढावं लागतं. आमच्या बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात 'दे एल, दे एया, दे एयोस, दे उस्तेदेस' असंही लिहिलं होतं: त्याचं, तिचं, त्यांचं, तुम्हा लोकांचं. संशय येईल तिथे सू सोडून हे वापरावं, असं त्या म्हणाल्या होत्या. मी ते वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं आणि विसरले. संशय येईल तिथे! माझ्यासारखीला संशय येतो कुठे?

पण सगळा दोष सूवर टाकून मोकळं होता येत नाही. मी सूचं भाषांतर 'आपला' असं केलं, आणि आपला हा काही कमी लबाड शब्द नाही. 'आपलं नाव काय?' मध्ये तो तुमचा असतो. 'आपला देश' मध्ये तुमचा-माझा दोघांचा. 'त्याने आपलं घर विकलं' मध्ये त्याचा स्वतःचा. गंमत म्हणजे याच शेवटच्या जागी मराठी स्पॅनिशपेक्षा सावध आहे. त्याने आपलं घर विकलं म्हटलं की स्वतःचं विकलं. त्याने त्याचं घर विकलं म्हटलं की ऐकणारा विचारतो, कोणाचं रे? स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'बेंदिओ सू कासा'. आणि आमचा आणि आपला यांच्यातला जो भेद आपल्याकडे पोरं बोलायला लागताच शिकतात, म्हणजे 'आमच्या घरी ये' आणि 'आपल्या घरी चल', तो तिकडे मुळात नाहीच. नुएस्त्रा कासा म्हणणाऱ्याने तुम्हाला त्या घरात धरलंय की बाहेर ठेवलंय, ते चेहऱ्यावरून ओळखायचं. म्हणून असेल कदाचित, पाहुण्याला ते वेगळं वाक्य करून सांगतात: मी कासा एस सू कासा. माझं घर ते तुमचं घर.

हे वाक्य मी आता माझ्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. नांदगाव पेठला घरच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी सहा-सात जण येतात. दोघी अमरावतीहून स्कूटीवर, एक जण एमआयडीसीतली पहिली पाळी करून, बाकी गावातलेच. पुण्या-नागपूरच्या कंपन्यांत परकी भाषा येणाऱ्याला पगार बरा मिळतो हे त्यांना ठाऊक आहे. एकीला स्पॅनिशच्या डेले परीक्षेची पहिली पायरी द्यायची आहे. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे वगैरे मी सांगते, पण त्याने कोणी हलत नाही. हलतात ते 'मी कासा'ने. मागच्या बाकावरून लगेच येतं, "मी कसा? मी बरा हाओ, मॅडम." आणि मास म्हणजे जास्त म्हटलं की श्रावण मास, अधिक मास. अधिक मास म्हणजे मग जास्त जास्त का, असं एकीने विचारलं होतं. त्या दिवशी पुढे काही शिकवणं झालं नाही.

हसू ओसरलं की मात्र त्या मीपाशी थांबावं लागतं. आपला मी म्हणजे स्वतः मी. त्यांचा मी म्हणजे माझा. आपला तू म्हणजे तू, आणि त्यांचाही तू म्हणजे तू, पण त्यावर आघाताची रेघ द्यायची. रेघ काढली की तोच तू म्हणजे तुझा. डोक्यावरची एक बारीक रेघ, एवढ्यावर माणूस आणि त्याची मालकी वेगळी होते.

मालकीचं म्हणाल तर तिथे स्पॅनिशचं काम रोखठोक आहे. तेनेर हे एक क्रियापद घ्यायचं आणि चालवायचं. तेंगो उना कासा, मला घर आहे. तेंगो दोस एर्मानोस, मला दोन भाऊ आहेत. तेंगो दिनेरो, माझ्याजवळ पैसे आहेत. मराठीत हे क्रियापदच नाही. आपल्याकडे नुसतं 'आहे' असतं आणि सगळी कसरत त्याच्या आधीच्या शब्दाने करायची. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो, 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटलं तर ते मुक्कामाला आलेले वाटतात. 'माझ्याकडे सायकल आहे' ठीक, ती शेजाऱ्याचीही असू शकते. 'माझ्याजवळ शंभर रुपये आहेत' म्हणजे आत्ता खिशात. 'माझं शेत आहे' म्हणजे सातबाऱ्यावर नाव. नातं, ताबा, खिसा आणि कागद, चारही गोष्टी आपण वेगळ्या बोलतो आणि कोणीही शाळेत शिकवलेलं नसतं. वर्गातल्या पोरांना आधी मी हेच त्यांच्या तोंडून काढून घेते. मले दोन भाऊ, माह्याजवळ पैसे, माहं वावर. मग म्हणते, आता हे सगळं पुसा आणि तेंगो लिहा. त्यांना ते फार बोडकं वाटतं. आणि भूक, तहान, थंडी, भीती, वयसुद्धा तेंगोच, असं म्हटल्यावर तर अमरावतीच्या मुलीने पेनच खाली ठेवलं. "मॅडम, भूक बी यायच्याजवळच असते का?" आपल्याला भूक लागते, भीती वाटते, विसावं वर्ष लागतं, सगळं बाहेरून येऊन अंगाला लागतं. त्यांच्याकडे ते गाठीला असतं.

शरीराच्या बाबतीत मात्र आमचं छान जमतं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा हटकून 'मी माझे हात धुतो' असं लिहितो. स्पॅनिशमध्ये तसं म्हणत नाहीत, हात नुसते हात. मराठी पोराला हे सांगावंच लागत नाही. दुसऱ्याचे हात कशाला धुवायला जाईल कोणी?

वावर हा शब्द वर आला म्हणून एक प्रसंग. पहिल्या पाळीचा जो मुलगा येतो, त्याला मी नुएस्त्रोवर पाच वाक्यं करायला सांगितली होती. नुएस्त्रो आपल्या आमचासारखा लिंगाप्रमाणे बदलतो, नुएस्त्रो काम्पो, नुएस्त्रा कासा, म्हणून मराठी मुलांना तो लगेच बसतो. चार वाक्यं पुस्तकी होती. पाचवं होतं, 'ला फाब्रिका एस्ता एन नुएस्त्रो काम्पो.' कारखाना आमच्या वावरात आहे. मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, मी ज्या खात्यात उभा राहतो ना मॅडम, तिथं आमची बोरी होती. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा तो लहान होता, मोबदला मिळाला, त्यात घर बांधलं, बहिणीचं लग्न झालं. पण घरात अजून सगळे तसंच बोलतात. बाबा डब्याची पिशवी हातात देताना म्हणतात, वावरात चाल्ला का? मी लाल पेन काढलं होतं. 'एस्ता' ऐवजी 'एस्ताबा' हवं का, 'नुएस्त्रो'च्या आधी 'होतं ते' असं काही घालावं का, असा विचार केला. व्याकरणात चूक काहीच नव्हती. बरोबरची खूण केली.

नांदगाव पेठेत हे असं बरंच आहे. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की टोलनाक्याच्या आसपास एकीकडे कपाशी आणि एकीकडे कारखान्यांचे पत्रे. मधूनच औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. बाहेरच्या माणसाला नांदगाव म्हटलं की जिल्ह्यातलं दुसरं, खंडेश्वरचं नांदगाव आठवतं. म्हणून आम्ही नेहमी पेठ जोडून सांगतो. कोणतं नांदगाव? पेठेचं. योगायोग असा की आमचं ते गिऱ्हाईक ज्या भागातून लिहायचं तो लिमामधला गामार्रा, तीही कापडाची पेठच. गल्लोगल्ली शिलाईची दुकानं, ठाणांचे ढीग. पेठेतून पेठेला पत्रं जात होती.

पुण्याहून दहा वर्षांनी परत आले त्या आठवड्यातली गोष्ट. देवळाच्या पारावर बसलेल्या एका म्हातारीने मला हाक मारून थांबवलं. "कोनाची वं तू?"

माझ्या तोंडून नाव, शिक्षण, नोकरी असलं काही निघालं नाही. "मास्तरची," मी म्हणाले.

"मास्तरची! माय वं. केवढी झाली!"

रस्त्याने पुढे जाताना मला हसू आलं, कारण स्पेनमधल्या खेड्यांतही म्हाताऱ्या परगावाहून आलेल्या पोरांना नेमकं हेच विचारतात. इ तू, दे क्येन एरेस? आणि तू, कोणाची? तिथेही नाव सांगून भागत नाही. बापाचं, आजोबांचं, नाहीतर घराला पडलेलं टोपणनाव सांगावं लागतं. मी तिथे असते तर म्हणाले असते, 'ला देल माएस्त्रो'. ला म्हणजे बाईमाणूस, देल माएस्त्रो म्हणजे मास्तरची. आता आपलं 'मास्तरची' बघा. मुलगी हा शब्द त्यात नाही, पण 'ची'च्या ईकारात ती उभी आहे. मास्तरचा म्हटलं असतं तर माझा भाऊ. मास्तरचं म्हटलं असतं तर घर, नाहीतर शेपूट हलवत मागे आलेलं कुत्र्याचं पिल्लू. स्पॅनिशला दे मध्ये लिंग दाखवता येत नाही, म्हणून एल, ला, लोस, लास असं काहीतरी पुढे बांधावं लागतं. एल दे, ला दे. पुस्तकात या प्रकाराला चांगली दोन पानं आहेत आणि त्यातली उदाहरणं इतकी रटाळ की मला पुण्यात ती कधी पचली नाहीत. पारावरच्या म्हातारीने एका प्रश्नात पचवली. पोरांना मी आता एल दे असाच शिकवते: मास्तरची, सोनाराचा, वरच्या आळीतले.

त्या ईमेलमधला 'एल दे सू मुएस्त्रा' हाच होता. 'नमुन्याचा' म्हणजे नमुन्याचा रंग. स्पॅनिशला रंगाशी रंगच ताडायला हवा असतो. रंग नमुन्यापेक्षा गडद असं आपण बिनदिक्कत म्हणतो आणि कोणाचं काही अडत नाही. त्यांना 'नमुन्याच्यापेक्षा' असं म्हणावं लागतं. तो 'चा' तिथे होता. मालक सांगणारा सू त्याच्यापुढे होता, आणि नेमका मालकच मी चुकीचा धरला होता.

तुलना शिकवायला लागले तेव्हा मला वाटलं, ही तरी सुटी गोष्ट आहे. मालकी झाली, आता मास आणि के, म्हणजे जास्त आणि पेक्षा. पण पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वह्यांत दोन चुका अगदी सारख्या. पहिली चूक म्हणजे मास गायब. 'सीता एस आल्ता के गीता.' सीता गीतापेक्षा उंच आहे. बरोबरच आहे त्यांचं. मराठीत उंचला काही लावावं लागत नाही, जे लावायचं ते गीताला लावून झालेलं असतं. स्पॅनिशमध्ये गीता कोरडी आणि सगळा भार उंचवर. ही चूक चार दिवसांत जाते.

दुसरी काही जाईना. 'एया एस मास आल्ता के मी.' ती माझ्यापेक्षा उंच आहे. इथे हवा असतो 'के यो', यो म्हणजे मी. पण पोरं मी लिहितात. एक तर मी हा शब्द दिसायलाच आपला वाटतो. पण खरं कारण ते नव्हे, हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि तेही वही तपासताना नाही. आई माझ्या चुलतबहिणीबद्दल फोनवर कोणाला तरी सांगत होती, "ते माह्या पोरीपरीस लहान हाय, पन तिचं झालं." जुन्या मराठीतलं हे परीस आईच्या पिढीच्या बोलण्यात अजून आहे. माह्या पोरीपरीस. माह्यापरीस. तुह्यापेक्षा. तुलना करायची म्हटली आणि सर्वनाम आलं की आपण आधी षष्ठी लावतो. माझ्यापेक्षा, तुझ्याइतका, त्याच्याहून. आधी 'माझ्या', मग पेक्षा. पेक्षा हा तर संस्कृत अपेक्षेतूनच आलेला. हिंदीत अजून 'मेरी अपेक्षा' म्हणतात. म्हणजे 'माझ्यापेक्षा उंच' म्हणताना आपण म्हणतो, माझ्याकडे बघून उंच, माझ्या हिशेबाने उंच. तुलनेच्या पोटात मालकी दडलेली. मग ते पोर स्पॅनिशमध्ये माझाचा मी वापरणार नाही तर काय करणार? स्पॅनिशमध्ये दोन माणसं समोरासमोर उभी असतात, ती आणि मी, एया आणि यो. आपल्याकडे दुसरं माणूस उभं नसतंच, त्याची मोजपट्टी असते.

हे सांगितल्यापासून ती चूक कमी झाली. पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

आणि एकदा हे दिसल्यावर बाकीचं आपोआप सुटत गेलं. वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी म्हणताना इंग्रजी माध्यमातली पोरं 'एन ला क्लासे' लिहितात, वर्गात. स्पॅनिशला 'दे ला क्लासे' लागतं. मी म्हणते, वर्गात नव्हे, वर्गातली. ली ऐकू आली की दे लिहा. शंभरापेक्षा जास्त मीटर म्हणताना 'मास के सिएन' नव्हे, 'मास दे सिएन'. ते कसं लक्षात ठेवायचं? गावात कसं म्हणता? शंभराच्या वर. च्या आला, म्हणजे दे आला. हा नियम पुस्तकात नाही आणि सगळीकडे चालेलच याची हमी मी देत नाही, पण निर्यातीच्या पत्रात तो मला कधी आडवा आला नाही. तिथे तर सांभाळावंच लागतं. 'नो तेंगो मास दे सिएन मेत्रोस' म्हणजे शंभराच्या वर माल नाही. 'नो तेंगो मास के सिएन मेत्रोस' म्हणजे माझ्याकडे फक्त शंभरच आहे. पहिल्यात ऐंशीही असू शकतात. गिऱ्हाईक काय वाचेल त्यावर भाव ठरतो.

मोठा आणि लहानाचंही तसंच. वयाने मोठ्याला मायोर, लहानाला मेनोर. आकाराने मोठा ग्रांदे. इंग्रजीतून येणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं. आम्हाला थोरला आणि धाकटा पाळण्यातच मिळालेले. थोरला भाऊ बुटका असला म्हणून काही धाकटा होत नाही. मेक्सिकोत वयालाही मास ग्रांदे म्हणतात, पण पोरांना ते मी पहिल्या वर्षी सांगत नाही.

एका बाबतीत मात्र आपली भाषा श्रीमंत आहे आणि त्याचा कारखान्यात काडीचा उपयोग झाला नाही. स्पॅनिशमध्ये कुठल्याही रंगाला ईसिमो लावला की तो अतिशय होतो, पांढऱ्याचा ब्लांकीसिमो, काळ्याचा नेग्रीसिमो. आपल्याकडे प्रत्येक रंगाला त्याची त्याची जोड. पांढराफटक, काळाकुट्ट, पिवळाधमक, हिरवागार, लालभडक, निळाशार. काका शेड बघून म्हणायचे, "हा निळाशार झाला, मॅडम, त्याइले असा नाही लागत." तो शार मी लिमाला कसा कळवणार? मी लिहायचे 'मास अझुल', जास्त निळा. कधी 'उन पोको मास', जरासा जास्त. काकांचं शब्दांत सांगितलेलं पूर्ण हरवून जायचं आणि सोबत जोडलेला रंगाचा आकडा तेवढा पोचायचा.

म्हणींना मी वर्गात मोकळीक देते. नाकापेक्षा मोती जड हिचं 'ला पेर्ला एस मास पेसादा के ला नारीस' असं चोख भाषांतर करून एकीने दिलं, मास सकट. त्यांची 'मास लार्गो के उन दिआ सिन पान', बिनभाकरीच्या दिवसाहून लांब, ही म्हण ऐकून सगळे गप्प झाले. भाषांतर विचारलं नाही कोणी. कुसळ-मुसळाची म्हण तर त्यांच्याकडेही आहे, बायबलातून आलेली, आणि त्यात सूचं नावही नाही. दुसऱ्याच्या डोळ्याला ते 'आखेनो' म्हणतात, स्वतःच्याला 'प्रोपिओ'. परका आणि स्वतःचा. हे दोन शब्द मला पुण्यातच नीट कळले असते तर सहा-सात हजार मीटर कापड एका जहाजाने आधी गेलं असतं.

नोकरी अजून तीच आहे. गामार्रातलं ते गिऱ्हाईकही आहे. ते अजून सूच लिहितं, त्याच्या भाषेत त्यात काही वावगं नाही. मी दर वेळी उलट विचारते, 'दे उस्तेदेस ओ देल क्लिएन्ते?' तुमचा, का गिऱ्हाइकाचा? उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतं. तोवर काका पेटीतला दिवा लावत नाहीत.